विश्लेषण : इंग्रजीचा गृहपाठ मराठी घरांत का अडतो? इंग्रजी न येणाऱ्या पालकांना मदत कशी करता येते?

वही पूर्ण असते, शिक्षकांची सही असते. पण मुलाला स्वतःचे एक वाक्य लिहिता येत नाही. बोनकोडेसारख्या नवी मुंबईतील गावठाणांपासून राज्यभरातील घरांत दिसणाऱ्या या अडचणीमागे काय आहे? व्याकरण, शब्द आणि लेखन यांत घरच्या घरी कोणती मदत उपयोगी पडते?

दिवेलागणीनंतर घराघरांत गृहपाठाच्या वह्या उघडतात. गणिताचे उदाहरण आई-बाबा कसेबसे सोडवून देतात, मराठीचा प्रश्न आजीही सांगते. इंग्रजीच्या वहीपाशी मात्र गाडी अडते. मग गाइडमधले उत्तर उतरवले जाते, शिकवणीच्या ताई फळ्यावर लिहून देतात किंवा पानाचा फोटो काढून मोबाइलवरून उत्तर मिळवले जाते. दुसऱ्या दिवशी वही पूर्ण असते. पण ‘काल तू काय केलेस?’ यावर इंग्रजीत तीन वाक्ये लिहायला सांगितली, तर त्याच मुलाचे पेन थांबते. गृहपाठ पूर्ण होणे आणि इंग्रजी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदत करताना घरातील मोठी माणसे नेमकी यातच फसतात.

बोनकोडेसारख्या गावठाणात हा प्रश्न मोठा का?

बोनकोडे हे कोपरखैरणे परिसरातील मूळ गाव. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांचे उत्पन्नाचे साधनच बदलले. पुढे माथाडी कामगार, एपीएमसी बाजारात काम करणारी साताऱ्या-सांगलीकडची कुटुंबे आणि इतर राज्यांतून आलेले रहिवासी शेजारी आले. त्यामुळे इथल्या मुलाच्या कानावर घरात आगरी किंवा देशावरची बोली, शाळेत प्रमाण मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वहीत इंग्रजी पडते. चार भाषांपैकी इंग्रजी ही एकच अशी, की जी घरात कोणी बोलत नाही.

आणि नेमकी तीच नोकरीच्या दारात विचारली जाते. ऐरोली, महापे परिसरातील आयटी कंपन्या, वाशीतील कार्यालये, मॉलमधील दुकाने अशा अनेक ठिकाणी मुलाखत इंग्रजीत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथील नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना स्थान मिळावे, ही मागणी सातत्याने होत आली आहे. मागणी मान्य झाली तरी अर्ज, मुलाखत आणि रोजचे काम यांसाठी इंग्रजी लागणारच. वंचितांनी इंग्रजी शिकावे हा आग्रह महाराष्ट्राला नवा नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात तो मांडला होता.

पहिलीपासून इंग्रजी शिकूनही अडते कुठे?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून सुरू होत असे. मराठी माध्यमाची मुले बालभारतीचे ‘माय इंग्लिश बुक’ वापरतात, तर इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी ‘इंग्लिश बालभारती’ असते. सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित आणि विज्ञानही इंग्रजीतून येते. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षे इंग्रजी शिकते.

तरीही वाचणे आणि समजणे यांत अंतर राहते. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालासाठी देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील मुलांची पाहणी झाली. त्यांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. वाचू शकणाऱ्यांपैकी ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे घडाघडा वाचणाऱ्या चार मुलांतील साधारण एकाला आपण काय वाचले हे सांगता येत नव्हते. ही पाहणी ग्रामीण भागातील असली, तरी शहरातील पालकांनीही घरी तपासावी अशी ही गोष्ट आहे. मुलाने धडा वाचला की ‘छान’ म्हणण्याऐवजी ‘यात काय झाले ते मराठीत सांग’ असे विचारले, तर खरे चित्र लगेच कळते.

शिकवणी लावणे हाच उपाय आहे का?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२५ मधील शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत होते किंवा त्या वर्षात त्यांनी घेतली होती. शहरी भागात हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के होते. शिकवणीवरील सरासरी वार्षिक खर्च शहरात प्रति विद्यार्थी ३,९८८ रुपये आणि ग्रामीण भागात १,७९३ रुपये आढळला. ही सर्व विद्यार्थ्यांची सरासरी आहे. प्रत्यक्ष शिकवणी लावणाऱ्या घराचा खर्च याहून जास्त असतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असलेले बरे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे सांगितले. मात्र त्या ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. गल्लीतील दहा-पंधरा मुलांची घरगुती शिकवणी त्यांत येत नाही. त्यामुळे तिथे काय शिकवले जाते यावर लक्ष पालकांनीच ठेवायचे असते.

त्यासाठी सोपी परीक्षा आहे. शिकवणीच्या वहीतील दोन मुलांची उत्तरे शब्दशः सारखी असतील, तर तिथे उत्तरे उतरवून दिली जातात. प्रत्येकाच्या वहीत वेगळी वाक्ये आणि वेगळ्या चुका असतील, तर तिथे मुले स्वतः लिहीत आहेत. स्वच्छ वहीपेक्षा चुकांची वही पाहून पालकांनी समाधान मानायला हवे.

व्याकरणाच्या चुका कुठून येतात?

मूल इंग्रजीत जी चूक करते तिच्यामागे पुष्कळदा बरोबर मराठी असते. ते डोक्यात मराठी वाक्य तयार करते आणि एकेक शब्द बदलत जाते. म्हणून चूक पाहून ‘लक्ष कुठे असते?’ असे रागावण्यापेक्षा तिच्यामागचे मराठी वाक्य शोधणे जास्त उपयोगी ठरते. नेहमी आढळणारी काही उदाहरणे पाहू.

पहिले, आदरार्थी बहुवचन. ‘माझे बाबा रोज कामाला जातात’ हे वाक्य मूल ‘माय फादर गो टु वर्क’ असे लिहिते. मराठीत बाबांसाठी ‘जातात’ असे बहुवचन येते, म्हणून मुलाला ‘गो’ बरोबर वाटते. इंग्रजीत आदर क्रियापदातून दाखवत नाहीत. बाबा एक आहेत, म्हणून ‘गोज’. ‘सर’, ‘आजोबा’, ‘मुख्यमंत्री’ या सगळ्यांना हाच नियम लागतो. मुलाला एवढेच विचारावे, ‘माणसे किती?’

दुसरे, ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये. मला भूक लागली, मला ताप आला, मला आंबा आवडतो. मराठीत भूक लागते, ताप येतो आणि माणूस ‘मला’ म्हणून बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूस पुढे येतो : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय लाइक मँगोज’. ‘मला’ची दहा वाक्ये मुलाकडून बोलून घ्यावीत आणि प्रत्येकाची सुरुवात ‘आय’ने करायला लावावी. हा सराव रिक्षात बसूनही होतो.

तिसरे, प्रश्न आणि नकार. मराठीत ‘तू शाळेत जातोस’ला शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न तयार. इंग्रजीत पुढे ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आणावे लागते. मूल ते आणते, पण ‘डिड यू वेंट?’ असे लिहिते. इथे एक गोष्ट सांगितली की पुरते : भूतकाळ एकदाच दाखवायचा. ‘डिड’ने तो दाखवला, आता मूळ ‘गो’च ठेवायचे. ‘डिड यू गो?’ आणि ‘आय डिड नॉट गो’. ‘डज’चेही तसेच. ‘डज’मध्ये ‘एस’चा आवाज आला, म्हणून पुढे ‘गोज’ नको.

चौथे, विभक्तीचे प्रत्यय. मराठीतील एकच ‘ने’ इंग्रजीत अनेक रूपे घेतो. ‘बसने आलो’ म्हणजे ‘बाय बस’, ‘पेनने लिहिले’ म्हणजे ‘विथ अ पेन’. वेळेचेही असेच आहे : ‘सोमवारी’ला ‘ऑन मंडे’, ‘जूनमध्ये’ला ‘इन जून’, ‘पाच वाजता’ला ‘ॲट फाइव्ह’. इथे नियम पाठ करण्यापेक्षा जोडी पाठ करणे सोपे. ‘बाय’चे पाच अर्थ नकोत; ‘बाय बस, बाय ट्रेन, बाय रिक्षा’ असे एकत्र म्हणावे.

पाचवे, ‘आहे’चा मोह. ‘माझ्याकडे दोन पेन आहेत’चे ‘आय ॲम हॅविंग टू पेन्स’ होते आणि ‘मला माहीत आहे’चे ‘आय ॲम नोइंग’. ‘आहे’ दिसले की मूल ‘ॲम’ आणि ‘इंग’ लावते. चालू असलेली, डोळ्यांना दिसणारी क्रिया असेल तरच ‘इंग’ लावायचे. खाणे, धावणे, लिहिणे दिसते. माहीत असणे, जवळ असणे, आवडणे दिसत नाही. इंग्रजीत याला अपवाद आहेत, पण शाळेच्या वहीपुरते हे सूत्र पुष्कळ चुका वाचवते.

सहावे, दुसऱ्याचे बोलणे सांगणे. मराठीत ‘तो म्हणाला की मी येतो’ असे सहज म्हणतात. बोलणाऱ्याचे शब्द तसेच राहतात. इंग्रजीत ‘दॅट’ आले की माणूस आणि काळ दोन्ही बदलतात : ‘ही सेड दॅट ही वूड कम’. आठवीनंतरच्या व्याकरणात हा प्रकार वारंवार येतो. कोण बोलतो आहे आणि कोण सांगतो आहे हे मराठीत आधी ठरवून घेतले, तर तो अवघड जात नाही.

मराठी येण्याचा फायदा कसा होतो?

इंग्रजीचे क्रियापद काही बाबतींत मराठीपेक्षा सोपे आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले, पोळ्या खाल्ल्या. मराठीत खाल्लेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलते. इंग्रजीत या सगळ्याला एकच ‘एट’ पुरते. इतकी अवघड भाषा घरात सहज बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

देवनागरी लिपीचाही उपयोग होतो. ‘अ’ लावायचे की ‘ॲन’, हे इंग्रजी अक्षरावर नव्हे तर उच्चारावर ठरते. शब्द देवनागरीत लिहिला की उच्चार समोर दिसतो. ‘अम्ब्रेला’, ‘अवर’, ‘ऑनेस्ट’ हे स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. ‘युनिफॉर्म’ हा ‘य’ने आणि ‘वन-वे’ हा ‘व’ने, म्हणून ‘अ’. ‘एसटी बस’ला ‘ॲन’ का लागते तेही यातून कळते. स्पेलिंगसाठी मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे कुटुंबे पाडावी लागतात : ‘स्टेशन’, ‘नेशन’, ‘ॲक्शन’ यांत शेवटी ‘शन’ ऐकू येते, स्पेलिंग मात्र टी-आय-ओ-एन.

मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकणे हा महाराष्ट्रातील जुना मार्ग आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इथल्या कित्येक पिढ्या घडल्या. मराठी वाक्य वाचायचे, त्याचे इंग्रजी करायचे, मग पुढचे थोडे अवघड वाक्य घ्यायचे, अशी तिची रीत. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव कमी पडतो हा आक्षेप योग्य आहे. पण दोन भाषांची रचना शेजारी ठेवून पाहण्याची सवय आजही कामाची आहे. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत शब्द, वाक्ये आणि म्हणींचा माध्यमभाषेत अनुवाद करायचा प्रश्नही असतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्तही याच दिशेचा आहे : एका भाषेत पक्की झालेली वाचनाची आणि विचार मांडण्याची क्षमता दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. म्हणून इंग्रजी सुधारावे यासाठी घरात मराठी बंद करणे हा उलटा उपाय ठरतो.

शब्दसंपत्ती कशी वाढवायची?

नवा शब्द दहा वेळा लिहून काढणे हा शब्दांचा ठरलेला गृहपाठ. त्याने हात दुखतो, स्पेलिंग काही दिवस राहते, पण शब्द वापरता येईलच असे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि ठरावीक अंतराने उजळणी केली तर टिकते. म्हणून एका दिवशी दहा वेळा लिहिण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी आणि दोन आठवड्यांनी एकेकदा आठवून लिहिणे बरे. जुन्या वहीची कोरी पाने कापून चिठ्ठ्या कराव्यात. पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ आणि मुलाने स्वतः केलेले वाक्य. आठवले ते एका डब्यात, विसरले ते दुसऱ्यात.

किती शब्द हवेत? ढाक्यात शिक्षणाचे काम केलेले ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये नेहमीच्या वापरातील सुमारे २,००० मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग अशा शब्दांतच येतो. रोज चार शब्द खरोखर पक्के झाले तर दीड वर्षाच्या आत ही संख्या गाठता येते. अवघड, भारदस्त शब्दांच्या मागे त्याआधी लागू नये.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची मदत होते आणि घोटाळाही होतो. टेबल, स्टेशन, रिचार्ज, बिल्डिंग हे शब्द पहिलीच्या मुलालाही येतात. त्यांचे फक्त स्पेलिंग शिकायचे असते. पण मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे जेवायचे ठिकाण, इंग्रजीत मुख्यतः राहायचे. मराठीत परीक्षेतील ‘कॉपी’, इंग्रजीत ‘चीटिंग’. मराठीत ‘डेंजर माणूस’ चालतो, इंग्रजीत ‘डेंजरस’ हवे. अशा जोड्यांची वहीत एक वेगळी यादी ठेवली तर मुलांना ती गमतीची वाटते आणि लक्षातही राहते.

निबंध आणि पत्रासाठी काय करावे?

लेखनाच्या गृहपाठात पाठांतर सर्वाधिक असते. ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ हा निबंध वर्गातील चाळीस मुले एकाच गाइडमधून लिहितात. परीक्षेत विषय जरा बदलला की पाठ केलेला निबंध निरुपयोगी ठरतो. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत पत्र, सारांश, तक्त्यावरून परिच्छेद, भाषण, विषयाची दुसरी बाजू मांडणे असे प्रकार येतात. यांतील बहुतेकांत दिलेली माहिती स्वतःच्या वाक्यांत मांडायची असते.

घरी याची तयारी तीन टप्प्यांत होऊ शकते. आधी मुलाने विषयावर मराठीत दोन मिनिटे बोलावे. त्यातून पाच मुद्दे शब्दरूपात उतरवावेत. मग प्रत्येक मुद्द्याचे एक लहान इंग्रजी वाक्य करावे आणि शेवटी ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’, ‘सो’ यांनी वाक्ये जोडावीत. सहावी-सातवीच्या मुलाला लांब वाक्याची गरज नसते.

विषय जवळचा असला की शब्द सापडतात. बोनकोडेतील मुलाने पाहिलेला नारळी पौर्णिमेचा सण, गावदेवीची जत्रा किंवा खाडीवरचे रोहित पक्षी यांवर त्याला पाच मुद्दे सहज सुचतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडीला ‘क्रीक’, खारफुटीला ‘मँग्रोव्ह’, भरतीला ‘हाय टाइड’ असे शब्द त्या निमित्ताने येतात आणि आजोबांकडून जुन्या मासेमारीची माहितीही मिळते. इंग्रजी न येणारे आजोबा इथे निबंधाचा खरा मजकूर पुरवतात.

पत्राबाबत चूक मजकुरापेक्षा साच्यात जास्त होते. पत्ता, तारीख, विषय, मायना, शेवट यांची जागा एकदा पक्की करावी. नंतर सराव खऱ्या पत्राचा घ्यावा : गल्लीतील दिवे बंद असल्याची महापालिकेला तक्रार, मैदानासाठी विनंती, गावी असलेल्या बहिणीला पत्र.

प्रत्येक चूक दुरुस्त करावी का?

मुलाच्या परिच्छेदात पंधरा चुका असतील तर पंधराही लाल करण्याकडे मोठ्यांचा कल असतो. यावर भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात मोठा वाद झाला आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये असे मांडले की लेखनातील व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देण्याचा उपयोग होत नाही, उलट मुले लिहायला घाबरतात. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिले : दुरुस्ती निवडक आणि स्पष्ट असेल तर उपयोग होतो. हा वाद पुढेही चालला. घरापुरता त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक धरावी. या आठवड्यात फक्त ‘गोज’चा ‘एस’, पुढच्या आठवड्यात फक्त ‘डिड’. चुकलेल्या ओळीच्या समासात टिंब द्यावे आणि चूक मुलाला शोधू द्यावी. ती सापडली की दुरुस्ती बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच जमते.

वेळेचेही भान हवे. केंद्राच्या २०२० मधील दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास आणि त्यापुढे रोज दोन तास, तेही सर्व विषय मिळून. अमेरिकी संशोधक हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही गृहपाठाचा निकालाशी संबंध मोठ्या वर्गांत जास्त आणि लहान वर्गांत कमी आढळला. तिसरीच्या मुलाला रात्री दहापर्यंत इंग्रजी लिहायला बसवण्याने फारसे काही साधत नाही.

मोबाइल आणि एआयची मदत घ्यावी का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून गृहपाठाचे उत्तर काही सेकंदांत मिळू लागले. इंग्रजी न येणाऱ्या घरात ही सोय मोठी आहे, कारण पहिल्यांदाच मराठीत प्रश्न विचारून इंग्रजी समजून घेता येते. धोका विचारण्याच्या पद्धतीत आहे. ‘माझ्या शाळेवर निबंध लिहून दे’ असे सांगितले तर गाइडचीच नवी आवृत्ती हाती येते. त्याऐवजी मुलाने स्वतः लिहिलेले वाक्य देऊन असे सांगावे : ‘हे दुरुस्त करू नकोस. चूक कोणत्या शब्दात आहे आणि का, ते मराठीत सांग. तशाच प्रकारची पाच वाक्ये सरावाला दे.’ उत्तर वाचल्यावर मोबाइल बाजूला ठेवून तोच परिच्छेद पुन्हा लिहावा. मोबाइल नसताना लिहिता आले तरच ते शिकले असे मानावे.

ही साधने चुकतातही. मराठीतील स्पष्टीकरण कधी कधी विचित्र येते, म्हणून शंका आल्यास पाठ्यपुस्तक आणि शिक्षक यांनाच विचारावे. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणाऱ्याचे वय किमान १३ हवे आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी हवी. मुलाचे पूर्ण नाव, शाळा, पत्ता किंवा फोटो त्यात टाकू नयेत. मोफत आणि निर्धोक साहित्यही आहे : बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर मिळतात, पुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा मंचावरील साहित्य उघडते आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर गोष्टी मराठीत व इंग्रजीत वाचता येतात. एकच गोष्ट आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचणे हा अर्थ समजण्याचा सोपा मार्ग आहे.

इंग्रजी न येणाऱ्या पालकांनी रोज काय करावे?

उत्तर सांगणे हे पालकांचे काम नाही. विचारणे आणि ऐकणे हे आहे. त्यासाठी वीस मिनिटे पुरतात.

पहिली पाच मिनिटे मुलाने धड्यातील एक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि मराठीत अर्थ सांगावा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जावे.

पुढची पाच मिनिटे जुन्या शब्दांच्या चिठ्ठ्या. पालकाने मराठी अर्थ वाचायचा, मुलाने इंग्रजी शब्द आणि वाक्य सांगायचे. इथे पालकाला इंग्रजी यायची गरजच नाही.

उरलेली दहा मिनिटे दिवसभरात घडलेल्या गोष्टींवर तीन ते पाच इंग्रजी वाक्ये. गाइड, मोबाइल, कोणाची मदत नाही. चुका असल्या तरी तारीख घालून वही जपून ठेवावी.

गृहपाठ समजला नसेल तर तो दुसऱ्याकडून लिहून घेण्याऐवजी वहीत ‘हे कळले नाही’ असे मराठीत लिहून पाठवावे. पूर्ण वही पाहून शिक्षकाला वर्गाला सगळे येते असे वाटते आणि तो पुढे सरकतो. दहा वह्यांत एकच शंका दिसली तर तो भाग पुन्हा शिकवला जाण्याची शक्यता वाढते. पालक सभेतही ‘किती गुण मिळाले?’च्या जोडीला ‘याला स्वतःचे किती लिहिता येते?’ असे विचारायला हवे. त्या वेळी महिनाभराची ती तीन-पाच वाक्यांची वही सोबत न्यावी. पहिल्या पानावरची वाक्ये आणि शेवटच्या पानावरची वाक्ये शेजारी ठेवली की मूल कुठे पोहोचले आणि कुठे अडले आहे, हे इंग्रजी न येणाऱ्या आईलाही शिक्षकांकडून नेमके समजून घेता येते.